दोन द

हळदाळ फाट्याच्या बस स्टँडाला
आमदारांच्या वडलांचं नाव होतं, बावीस वर्षं.
ते मीच रंगवलेलं. उधारीवर.
परवा त्यावर पांढरा ऑइलपेंट मारला, दोन हात,
तरी 'स्मरणार्थ' खालून दिसतच होतं.
तिसरा हात मारला.

मी ओमाण्णा पेंटर, मुक्काम खानापूर.
ह्या पट्ट्यातले निम्मे बोर्ड माझ्या हातचे.
एकाच दुकानाला वर कानडी, खाली मराठी,
मग वर मराठी, मग नुसतं कानडी,
मग रात्रीत कुणीतरी काळं फासलेलं
आणि सकाळी मलाच बोलावणं.
भांडण त्यांचं, मजुरी माझी.

नवं नाव : हवालदार मिंगेल बस्त्याव सिद्दी.
ओळखत होतो का? बघून होतो.
ह्याच बाकड्यावर, पेन्शनच्या दिवशी,
लोंढ्याच्या गाडीची वाट बघत,
कडक इस्त्री, डावा हात खिशात,
कारण त्याची दोन बोटं एकाहत्तरात राहिली.
नवा कंडक्टर आला की हिंदीत बोलायचा.
एकानं तर इंग्लिशमध्ये विचारलं, कुठल्या देशाचे तुम्ही?
म्हातारा म्हणाला, "हितलाच की रे बाबा.
तुझा आजा ज्या ओढ्यात म्हशी धुवायचा
त्याच्या वरच्या अंगाचा."

एकदा चहाच्या गाड्यावर त्यानं सांगितलेलं :
रात्र, धुकं, कमरेएवढ्या पाण्यातली भातखाचरं,
आणि आपल्याच संत्र्यानं रोखलेली बंदूक.
परवलीचा शब्द ऐन वेळी डोक्यातनं गेला.
मग अशी घसघशीत शिवी हासडली,
खानापुरी हेल काढून,
की पलीकडनं हसल्याचा आवाज आला :
"सोडा रे, आपला हाय."
एवढं सांगून तो बराच वेळ
बशीतला चहा फुंकत बसला.
"अंधार होता म्हणून," म्हणाला.
"उजेडात कोण ऐकतंय भाषा."

पंचायतीत दोन मीटिंगा झाल्या.
नावाला कुणाची ना नव्हती.
नव्हती म्हणजे, एकजण म्हणाला, हा शहीद कुठं,
हा तर पोटाच्या दुखण्यानं गेला, घरात.
मग वर कुठली लिपी, खाली कुठली,
अक्षरं किती इंच.
तीन तास.
कोपऱ्यात त्याची लेक कात्रीन,
अंगणवाडीतनं तशीच आलेली,
शेवटी उठली. सगळे गप्प, आता ही रडणार.
तिनं पंचायतीचं पत्र माझ्यापुढं धरलं.
"ह्यातला ध काढा आधी."

'सिद्धी' लिहिलं होतं.
जशी गणपतीच्या शेजारी असते, तशी.
"रेशनकार्डावर हेच. शाळेत मास्तरांनी शिंदे केलं.
बाबाच्या फौजेच्या एका कागदावर सेडी.
आमचे दोन द.
वर-खाली काय ते तुमचं तुम्ही बघा."

पिवळ्या पट्टीवर काळी अक्षरं घेतली.
हाच रंग लोक बोर्डांवर फासतात, रात्री, घाईत.
मी सावकाश घेतला.
पहिला द, त्याच्या कुशीत दुसरा.
कानडीतही खालची ती बारीक रेघ येऊ दिली नाही.
कात्रीन रस्त्यापलीकडं उभी,
हातात शेंगदाण्याची पुडी,
एक दाणा खाल्ला नाही.

उद्घाटनाला दमाम वाजला.
साहेब उशिरा आले, नाव दोनदा चुकले.
पाऊण वाजता दांडेलीहून गाडी आली.
कात्रीनचा धाकटा चढला, पैसे पुढं केले :
"मिंगेल सिद्दी स्टँड ते लोंढा. एक अर्धं."
कंडक्टरनं बटणं दाबली. परत दाबली.
"असलं नाव नाही मशीनमध्ये."
"बाहेर बघा की," पोरगा म्हणाला.
कंडक्टरनं वाकून बघितलं, वाचलं, ओठ हलवत.
तिकिटावर हळदाळ फाटाच छापून आलं.

गाडी गेली. धुरळा नव्या अक्षरांवर बसला.
मी शिडी परत लावली.